मांजराचा पाय दुखावला तर : घरचा प्रथमोपचार



या पानावर आपण आजवर बैलाच्या खांदेसुजीपासून वासराच्या जंतांपर्यंत बरेच विषय घेतले. मांजराचा विषय प्रथमच घेत आहोत. काही सभासद हसतील. ‘आता कारखान्याच्या अंकात मांजर सुद्धा आलं!’ असे म्हणतील. पण ज्यांचे घर उसाच्या फडाला लागून आहे, ज्यांच्या खोलीत पेंडीची पोती, बियाण्याची थैली आणि वर्षाची ज्वारी एकत्र ठेवलेली असते, त्यांना उंदीर-घुशी काय करतात ते सांगायला नको. तोडणी झाली की फडातला उंदीर वस्तीकडे वळतो. त्याला अडवायचे काम मांजर उरल्यासुरल्या भाकरीवर करते. बैल लंगडला तर घरातली सगळी माणसे गोठ्यात धावतात, मांजर लंगडले तर ‘कसंही पडलं तरी पायावरच पडतं ते, होईल बरं’ असे म्हणून आपण चहाला बसतो.

हा समज अर्धाच खरा आहे. मांजर पायांवर पडते हे खरे, पण म्हणूनच सगळा मार पायांवर, हनुवटीवर आणि छातीवर बसतो. आणि पायाच्या दुखापतीने मांजर सहसा मरत नाही, तरी त्या दुखापतीवर घरात केलेल्या उपायाने मात्र मरू शकते. गोठ्यात जे औषध बैलाला चालते, घरात जी गोळी आपल्याला चालते, त्यातले बरेचसे मांजराला विष आहे. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

हंगामात या दुखापती जास्त का

गळीत हंगाम आणि थंडी एकदमच येतात. ऊस ओढून आलेला ट्रॅक्टर रात्री वस्तीवर उभा राहिला की त्याचे इंजिन बराच वेळ गरम राहते, आणि थंडीत मांजराला त्याहून सुखाची जागा दुसरी नाही. ते खालून शिरून इंजिनापाशी झोपते. पहाटे चालक येतो, चावी मारतो, आणि मांजराचा पाय पंख्यात किंवा पट्ट्यात सापडतो. यावरचा उपाय फुकटचा आहे. चावी मारण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, एकदा हॉर्न द्यावा आणि दहा आकडे मोजावेत.

याशिवाय टायर गाडीचे चाक, उंदराचा चाप, रानडुकरासाठी बांधावर लावलेला तारेचा फासा, पत्र्याची धार, कुत्र्याचा चावा, गुऱ्हाळाच्या चुलाणातली वरून गार दिसणारी राख, ही नेहमीची कारणे. (फासा लावणे कायद्याने गुन्हा आहे, हे इथे जाता जाता सांगून ठेवतो.) अलीकडे बाजारात उंदरासाठी चिकट पुठ्ठे मिळतात, त्यावरही मांजराची पिल्ले अडकतात. अशा वेळी पाय ओढून काढू नये, कातडी सोलून निघते. गोडे तेल बोटाने चोळत चोळत पाय सोडवावा, मग साबणाच्या कोमट पाण्याने तेल धुवून टाकावे. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नये. ते कातडीतून भिनते आणि उरलेले मांजर चाटून पोटात घेते.

धरताना

मांजर दहा वर्षे घरात असले तरी दुखण्यात त्याला ओळख राहात नाही. रोज मांडीवर बसणारे मांजर हाताचा कडकडून चावा घेते, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून एकट्याने, उघड्या हाताने, घाईने धरायला जाऊ नये. पोरांना आणि कुत्र्याला बाहेर काढावे, दार लावावे, आवाज खाली ठेवावा. जुने धोतर, जाड टॉवेल किंवा घोंगडीचा तुकडा मांजरावर हळूच टाकावा, आणि डोक्यासह सगळे अंग त्यात गुंडाळून उचलावे. नाक मोकळे राहील एवढे पाहावे. दुखरा पाय वरच्या बाजूला ठेवावा आणि खालून दोन्ही हातांचा आधार द्यावा. मानेच्या कातडीला धरून उचलण्याची रीत पिल्लांच्या आईसाठी ठीक, मोठ्या जखमी मांजराला तसे लोंबकळत धरू नये. गाडीखाली सापडलेले मांजर असेल तर पाठीचा कणाही दुखावलेला असू शकतो, तेव्हा त्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या कापडावर सरकवून घ्यावे.

ठेवायला सगळ्यात सोयीची वस्तू आपल्या घरातच असते. एक रुंद पाटी, तीत फडके, आणि वरून कोंबड्यांचे डाले उपडे घालून सुतळीने बांधले की झाली मांजराची डोली. भोके पाडलेले खोके सुद्धा चालते. अंधार आणि बंदिस्त जागा मिळाली की मांजर पुष्कळसे शांत होते. मोटारसायकलवर मांजर मांडीत घेऊन दवाखान्यात जाणारे सभासद आम्ही पाहिले आहेत. पहिल्याच हॉर्नला ते उडी मारते, आणि मोडलेला पाय तसाच ठेवून उसात नाहीसे होते.

पाय शेवटी पाहावा

लंगडते आहे म्हणून आपले लक्ष पायाकडे जाते. पण पाय मोडेल एवढा मार बसला तर तो पायापुरता राहतोच असे नाही. आधी श्वास पाहावा. शांत बसलेले मांजर मिनिटाला साधारण २० ते ३० वेळा श्वास घेते. कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकत असेल तर छातीला मार आहे असे समजावे. मग ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी असावी. पांढरीफटक किंवा निळसर असेल, पंजे आणि कान गार पडले असतील, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो किंवा मांजर धक्क्यात गेले आहे. अशा वेळी पायाची मलमपट्टी करीत बसू नये. फडक्यात गुंडाळून ऊब द्यावी, कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी (उघडी बाटली अंगाला लावू नये, भाजते) आणि सरळ दवाखान्याची वाट धरावी.

आणखी एक गोष्ट घरातल्यांनी ध्यानात ठेवायची, ती म्हणजे लघवी. गाडीखाली आलेल्या किंवा शेपूट ओढली गेलेल्या मांजराची लघवीची पिशवी फुटते किंवा तिथल्या शिरा निकामी होतात. पाय सुधारतो आहे असे वाटत असते, आणि मांजर दुसऱ्याच कारणाने जाते. दिवसभरात लघवी झाली की नाही हे डॉक्टरांना सांगता आले पाहिजे.

रक्त, जखम, हाड

रक्त वाहात असेल तर स्वच्छ सुती फडक्याची घडी जखमेवर ठेवून हाताने दाबून धरावी. पाच मिनिटे घड्याळ लावून दाबावी. मध्येच ‘थांबलं का’ म्हणून उचलून पाहू नये, धरत आलेली खपली सुटते. फडके भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरे ठेवावे. पायाला वर सुतळी आवळून रक्त थांबवायची रीत आपल्याकडे आहे, ती सोडून द्यावी. मांजराचा पाय आपल्या करंगळीएवढा. आवळलेली सुतळी तासाभराने कुणाला आठवत नाही, आणि पंजा काळा पडतो. नखी तुटून रक्त येत असेल तर मात्र घाबरायचे कारण नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून बोटाने दाबले की बहुधा थांबते.

छोट्याशा जखमेचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर एक वेगळीच शंका घ्यावी. ब्रोमाडायोलोनच्या वड्या आपण फडात आणि घरात उंदरांसाठी ठेवतो. त्या खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की मांजराचेही रक्त गोठेनासे होते. सांध्यात रक्त साचून ते नुसतेच लंगडते, असेही घडते. यावर ‘के’ जीवनसत्त्वाचा उपचार आहे, पण घरात वड्या ठेवल्या होत्या हे तुम्ही सांगितले तरच डॉक्टरांना तो लवकर सुचेल. वडीचे पाकीट सोबत न्यावे.

जखम धुवायला मिठाचे पाणी पुरते. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावे आणि त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालावे. त्याची धार जखमेवर सोडून माती, पाचटाची कुसे, केस वाहून जाऊ द्यावेत. पोव्हिडोन आयोडीन असेल तर पाण्यात थेंब थेंब टाकून कोऱ्या चहाच्या रंगाचे करावे, याहून दाट नको. मग कोरडे स्वच्छ फडके. बस्स. हळद-तेलाचा लेप, चुना, कॉफीची भुकटी, जळके ऑईल यांपैकी काही लावू नये. लेपाखाली जखम किती खोल आहे हे कुणालाच दिसत नाही आणि डॉक्टरांचा पहिला अर्धा तास तो खरवडण्यातच जातो.

पायाला रबर, नायलॉनचा दोरा किंवा पतंगाचा मांजा गुंडाळला गेला असेल तर सैल असेपर्यंत बोथट टोकाच्या कात्रीने कापता येतो. कातडीत रुतला असेल तर हात लावू नये.

हाड मोडल्याची खूण म्हणजे पाय नको त्या ठिकाणी वाकलेला, लोंबणारा, किंवा मांजर तो अजिबात न टेकणारे. आता इथे आपल्या लोकांचा हात शिवशिवतो. गाय-बैलाच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधणारे जाणकार गावोगाव आहेत, आणि ‘मांजराला काय, दोन काड्या बांधू’ असे त्यांना वाटते. बांधू नका. जिवंत, घाबरलेल्या मांजराच्या पायाला काड्या बांधताना जी ओढाताण होते तिने मोडलेल्या हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर येते. मांडीचे हाड मोडले असेल तर काडी गुडघ्यापर्यंतच पोचते, आणि तिचे वजन मोडलेल्या जागीच लोंबते. सांधा निखळला असेल तर ओढून ‘बसवायचा’ प्रयत्नही करू नये. मांजराला पाटीत मऊ फडक्यावर ठेवले की ते स्वतःच पाय सोयीने ठेवते. त्याच्याइतका चांगला आधार आपल्याला देता येत नाही. हाड बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नये. मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके त्यावर ठेवून तसेच न्यावे.

भाजले असेल तर त्या पायावर दहा-पंधरा मिनिटे साध्या पाण्याच्या ओल्या पट्ट्या बदलत ठेवाव्यात. टूथपेस्ट, शाई, तूप काही नको. आणि पाय पाहता पाहता सुजत चालला, जवळजवळ दोन बारीक छिद्रे दिसली, तर साप असू शकतो. त्यावर घरचा उपचार नाही, चिरा देऊ नये, बांधू नये, वेळ घालवू नये.

बैलाचे औषध, माणसाची गोळी

मागच्या हंगामात आमच्या गटातल्या एका सभासदांच्या घरी घडलेली हकीकत सांगतो. मांजरी पडवीच्या पत्र्यावरून घसरली आणि पुढचा पाय उचलून चालू लागली. घरात मुलाच्या तापासाठी आणलेली पॅरासिटामॉलची गोळी होती. ‘लेकराला चालते, मग तिला अर्धी द्यायला काय हरकत’ म्हणून वहिनींनी ती दुधात चुरगाळून पाजली. मायेनेच पाजली. संध्याकाळी मांजरीचे तोंड सुजले, पंजे सुजले, हिरड्या कॉफीच्या रंगाच्या झाल्या, आणि श्वास लागला. डॉक्टर येईपर्यंत सकाळ झाली आणि मांजरी गेलेली होती. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. हाड शाबूत होते, नुसता मुरगळला होता.

असे का होते ते समजून घेऊ. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची जी सोय माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. गोळीचे विषारी रूपांतर होऊन ते रक्तातल्या तांबड्या पेशींवर उतरते. पेशी शाबूत दिसतात पण प्राणवायू वाहून नेत नाहीत, म्हणून रक्ताचा रंग तपकिरी होतो आणि मांजर हवा घेऊनही गुदमरते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराला मारायला पुरून उरते, अर्धीही पुरते. चुकून पोटात गेलीच तर लगेच, लक्षणांची वाट न पाहता, गोळीचे पाकीट घेऊन दवाखाना गाठावा. उतारा देता येतो, पण त्यासाठी हातात थोडे तासच असतात.

ऍस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांचेही तसेच. त्या पोटात व्रण पाडतात आणि मूत्रपिंड निकामी करतात. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी वापरायला आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. तिचा उपचार झालेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे संपत आली, म्हणून ती आली. मांजराला वेदना कमी करायची औषधे आहेत, पण ती त्याच्या वजनाच्या हिशेबाने पशुवैद्यकाने द्यायची. आपले मांजर तीन-चार किलोचे. आपला बैल चारशेचा. ‘थोडंसंच दिलं’ यातले थोडेसे किती, हे अंदाजाने कळत नाही.

आता गोठ्यातला देव्हारा, म्हणजे औषधांचे फडताळ. बैलाच्या जखमेत किडे पडले की आपण टर्पेंटाईनचा बोळा भरतो. मांजराला तो लावला तर कातडी भाजते आणि चाटल्याने आतून विषबाधा होते. फिनेल, डांबराच्या गोळीची पूड, डेटॉलसारखी पांढरी होणारी जंतुनाशके यांचेही तेच. मांजर स्वतःचे अंग दिवसभर चाटते, त्यामुळे त्याच्या अंगाला लावलेली वस्तू म्हणजे त्याला खायला घातलेली वस्तू, असा हिशेब धरावा. सगळ्यात वाईट म्हणजे गोचिडाचे औषध. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या जातीची औषधे गाई-म्हशींच्या अंगावर आपण पाण्यात मिसळून मारतो. तेच पाणी मांजराच्या जखमेवर ‘किडे मरतील’ म्हणून ओतले की मांजर थरथरू लागते, झटके येतात. असे झाले तर पातळ साबणाने कोमट पाण्यात अंग धुवून काढावे, पुसून ऊब द्यावी आणि न्यावे. मांजराच्या जखमेत अळ्या दिसल्याच तर मिठाच्या पाण्याच्या धारेने सुटतील तेवढ्या काढाव्यात, दिसतील त्या चिमट्याने वेचाव्यात, बाकीचे काम दवाखान्यात.

जखम दिसत नाही पण लंगडते

बोका दोन रात्री बाहेर राहून परत आला, तिसऱ्या दिवशी पाय टेकेना, अंग तापलेले, खाणे बंद. पायावर लिंबाएवढी गरम सूज. हे बहुधा भांडणात लागलेल्या दाताचे काम असते. मांजराचा सुळा सुईसारखा, वरचे छिद्र दिवसभरात बुजते आणि घाण आत राहून दोन-चार दिवसांत पू धरतो. ही सूज दाबून फोडू नये. आपोआप फुटली तर मिठाच्या पाण्याने धुवावी, पण प्रतिजैविके लागतातच. घरातल्या बोक्याचे खच्चीकरण केले तर तो भांडणे पुष्कळ कमी करतो. बैलाचे करतो, मग बोक्याचे करायला संकोच कशाला?

दुसरा प्रकार भयंकर आहे आणि तो दुखापतीचा नाहीच. धडधाकट मांजर एकाएकी किंचाळते आणि मागचे एक किंवा दोन्ही पाय ओढत चालू लागते. पाय हाताला गार लागतात, तळवे फिकट किंवा निळसर असतात. पडलेले कुणी पाहिलेले नसते. हे हृदयातून निघालेली रक्ताची गाठ पायाच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकल्याने होते. याला तेल लावून चोळणे, शेकणे यांचा काही उपयोग नाही. वेदना फार असतात, त्याच घटकेला डॉक्टर हवा.

आणि साधा मुरगळलेला पाय? मांजर थोडा तरी पाय टेकते, खाते, सूज-जखम नाही, तर एका छोट्या खोलीत कोंडून एक दिवस पाहावे. उड्या बंद झाल्या की बरेचदा तेवढ्यावर भागते. दुसऱ्या दिवशीही पाय टेकत नसेल तर मात्र आणखी थांबू नये.

आपला हात

या सगळ्या धावपळीत मांजर चावले, ओरखडले, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. पिसाळणे फक्त कुत्र्याचे नव्हे, मांजरालाही ते होते, आणि माणसात लक्षणे उमटली की पुढे उपाय उरत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हे १५ मिनिटांचे धुणे लसीइतकेच मोलाचे आहे. मिरची, चुना, तंबाखू भरू नये. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची भीती अजून जुन्या माणसांच्या मनात आहे. ती लस २००५ पर्यंत आपल्या देशातून बंद झाली. आता लस दंडात देतात, आणि पहिली मात्रा धरून चार-पाच खेपा होतात. चावा खोल असेल तर जखमेतच वेगळे सीरमही देतात, ते डॉक्टर सांगतील. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसेल तर तेही घ्यावे. मांजर ओळखीचे असेल तर दहा दिवस नजरेखाली ठेवायचे, पण त्या दहा दिवसांची वाट पाहात लस लांबवायची नाही. शिवाय मांजराच्या चाव्याने बोट सुजणे, लाल होणे हे चोवीस तासांतच होते, ऊसतोडीत कोयता धरणाऱ्या हाताला ते परवडणारे नाही. आणि हे झाल्यावर नव्हे, आधीच, मांजर तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे चालू ठेवावी.

दवाखाना आणि नंतर

गुरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन जायला पुष्कळांना लाज वाटते. वाटू देऊ नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरावरही उपचार होतात. वाहनाची सोय नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. क्ष-किरण तपासणी आणि हाडाची शस्त्रक्रिया तालुक्याला बहुधा होत नाही, त्यासाठी शिरवळ, परभणी, उदगीर, मुंबई, नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. निघताना खायला घालू नये, भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे. रात्र काढायची असेल तर वाटीत पाणी ठेवावे. तोंडात ओतू नये, ठसका लागून फुप्फुसात जाते.

मांजराचे हाड चांगले जुळते, पण त्याला साधारण सहा ते आठ आठवडे बंदिस्त विश्रांती लागते. मोठे खुराडे रिकामे करून, घासून, त्यात एका कोपऱ्यात मातीची पाटी आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाणी ठेवले की काम भागते. पहिले चार दिवस ते ओरडून घर डोक्यावर घेईल, म्हाताऱ्यांचे ‘सोडा गं बिचाऱ्याला’ सुरू होईल. सोडू नये. प्लास्टर किंवा पट्टी असेल तर खालची बोटे रोज पाहावीत. ती सुजली, गार पडली किंवा पट्टीला वास येऊ लागला तर त्याच दिवशी पट्टी बदलून घ्यावी. खाण्याकडे नीट लक्ष द्यावे. दोन-तीन दिवस काही न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि तो नवाच आजार होऊन बसतो, अंगाने भरलेल्या मांजराला तर जास्तच. सुकटाचे दोन तुकडे कोमट पाण्यात भिजवून त्याचा वास दिला की बहुतेक मांजरे तोंड लावतात.

पाय वाचण्यासारखा नसला की डॉक्टर तो काढायला सांगतात. बरेच लोक इथे ‘त्यापेक्षा नको’ म्हणून मांजर घरी परत आणतात. आम्हाला हे पटत नाही. तीन पायांचे मांजर काही आठवड्यांत चालते, पळते, खाटेवर चढते. सडलेला पाय ओढत मरण्यापेक्षा ते किती तरी बरे.

फडात सापडलेले पिल्लू

शेवटी तोडणीतल्या टोळ्यांसाठी आणि मुकादमांसाठी. ऊस तोडताना सरीत पिल्ले सापडतात, कधी त्यातल्या एकाच्या पायाला कोयता लागलेला असतो, आणि माणसे ती मांजराची म्हणून घरी किंवा कोपीवर आणतात. जुन्नर, अकोले, संगमनेर, निफाडकडच्या सभासदांना नव्याने सांगायला नको, पण इतरांनी ध्यानात घ्यावे, की ती बिबट्याची असू शकतात. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे अंगाच्या मानाने जाड असतात आणि अंगावर दाट ठिपके. रानमांजराची आणि वाघाटीचीही पिल्ले उसात असतात. वाघाटी तर पूर्ण वाढून सुद्धा दीड किलोच्या आसपास भरते, जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी ती एक. या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, पाळता येत नाहीत. पिल्लाला कुरवाळू नये, दूध पाजू नये, फोटोसाठी हातात घेऊ नये. वनखात्याला १९२६ क्रमांकावर कळवावे. जखमी पिल्लावर तेच उपचार करतात, बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे. जखम नसलेली पिल्ले ते बहुधा त्याच जागी ठेवून आईची वाट पाहतात, आणि अंधार पडला की ती येऊन एकेक करून नेते. त्यांचे लोक येईपर्यंत टोळीने त्या सऱ्यांपासून दूर व्हावे, बायका-पोरे वस्तीकडे पाठवावीत, आणि त्या दिवशीची तोड फडाच्या दुसऱ्या टोकाकडून धरावी.